अलंकार की आशय? : इसांग युन यांच्या दोन ओबोंच्या 'इन्व्हेन्शन्स'विषयी

एखाद्या कलाकृतीमागे अमुक तत्त्वज्ञान आहे, असे आपण वर्गात अगदी सहज बोलून जातो. कादंबरीत अस्तित्ववाद, कवितेत अद्वैत, नाटकात असंगतता अशी नावे दिली की आपले काम झाल्यासारखे वाटते. साहित्यात ही पळवाट खपून जाते, कारण साहित्याचे माध्यमच भाषा आहे. विचार पात्राच्या तोंडी घालता येतो, निवेदकाकडून वदवता येतो, निदान प्रतिमेच्या आडून सुचवता येतो. शब्दविरहित संगीतापाशी आले की मात्र ही वाट बंद होते. बोल नाहीत, कथानक नाही, दोन माणसे दोन सुषिर वाद्ये फुंकीत आहेत. आणि तरी ही रचना एका तत्त्वविचारातून आली आहे असे आपल्याला सांगितले जाते. मग तो विचार त्या रचनेत नेमका असतो कुठे?

युरोपीय संगीताने या प्रश्नाला दिलेले एक परिचित उत्तर शीर्षकाचे आहे. रिखार्ड श्ट्राउस यांनी १८९६ मध्ये नीत्शेच्या झरथुश्ट्राचे नाव आपल्या वाद्यवृंदरचनेला दिले, आणि तेवढ्याने श्रोत्याच्या कानापुढे एक चौकट उभी राहिली. नाव काढून घेतले तर चौकटही जाते. आम्हांला येथे ज्या रचनेविषयी लिहायचे आहे तिची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिच्या शीर्षकात तत्त्वज्ञानाचा मागमूस नाही. कोरियन-जर्मन संगीतकार इसांग युन (१९१७-१९९५) यांनी १९८३ मध्ये दोन ओबोंसाठी 'इन्व्हेन्शिओनेन' लिहिले. त्याचे चार भाग आहेत आणि त्यांची नावे 'ट्रिलर', 'ग्लिसांडी', 'फोरश्लेगे' आणि 'हार्मोनी' अशी आहेत. पहिली तीन नावे म्हणजे स्वर सजवण्याच्या तीन रीती. ताओ नाही, यिन-यांग नाही, स्वप्न नाही, फुलपाखरू नाही. आणि तरीही युन यांच्या ताओवादी विचाराचा इतका निखळ नमुना दुसरा क्वचितच सापडेल, असे आमचे म्हणणे आहे. ते पटवून द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

१

युन यांचा जन्म १७ सप्टेंबर १९१७ चा. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील टोंगयोंग या बंदराच्या गावी ते वाढले. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होता. पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण त्यांनी ओसाका आणि टोकियो येथे घेतले, आणि वसाहतवादाविरुद्धच्या हालचालींबद्दल १९४३ मध्ये तुरुंगवासही भोगला. स्वातंत्र्य, फाळणी आणि यादवी युद्ध या तिन्हींतून गेलेला हा माणूस १९५६ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, पुन्हा विद्यार्थी होऊन पॅरिसला गेला आणि पुढच्याच वर्षी पश्चिम बर्लिनमध्ये आला. तेथे बोरिस ब्लाखर आणि योसेफ रूफर हे त्यांचे शिक्षक. रूफर हे शोनबर्ग यांचे शिष्य; बारा स्वरांच्या पद्धतीचे शिक्षण युन यांना असे थेट मूळ परंपरेतूनच मिळाले.

१९५८ मध्ये ते डार्मश्टाट येथील नव्या संगीताच्या उन्हाळी वर्गांना गेले. त्याच वर्षी जॉन केजही तेथे आले होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. केज यांनी 'ई चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाचा उपयोग कौल लावण्यासारखा करून १९५१ मध्ये 'म्युझिक ऑफ चेंजेस' रचले होते. पूर्वेचे तत्त्वज्ञान त्यांच्याकडे निर्णयपद्धती म्हणून आले. रचनाकाराची इच्छा बाजूला सारण्याचे ते साधन ठरले. युन यांनी तो मार्ग घेतला नाही. एकेक चिन्ह काटेकोरपणे लिहिणारे संगीतकार ते अखेरपर्यंत राहिले. १९५९ मध्ये डार्मश्टाट येथे त्यांचे सात वाद्यांसाठीचे संगीत वाजले. १९६६ मध्ये डोनाउएशिंगेन येथे 'रेआक' ही वाद्यवृंदरचना सादर झाली आणि युरोपात त्यांचे नाव झाले.

पुढच्याच वर्षी, १७ जून १९६७ रोजी, दक्षिण कोरियाच्या गुप्तहेर खात्याने त्यांना पश्चिम बर्लिनमधून पळवून सेऊलला नेले. उत्तर कोरियासाठी हेरगिरी केल्याचा आरोप, छळ, आणि डिसेंबरमध्ये जन्मठेप. १९६३ मध्ये प्राचीन थडग्यांतील भित्तिचित्रे पाहण्यासाठी ते उत्तर कोरियात गेले होते. फाळणी झालेल्या देशात ही कलायात्रा पुरेशी संशयास्पद होती. कैदेत असतानाच त्यांनी 'फुलपाखराची विधवा' ही संगीतिका पुरी केली. आपण फुलपाखरू झाल्याचे स्वप्न पडले, की आपण आता माणूस असल्याचे स्वप्न फुलपाखराला पडते आहे, हा च्वांग त्झू या ताओवादी विचारवंताचा प्रसिद्ध दृष्टान्त तिच्या मुळाशी आहे. फेब्रुवारी १९६९ मध्ये न्यूरेंबर्गला तिचा पहिला प्रयोग झाला तेव्हा तिचा कर्ता तेथे नव्हता. स्ट्राविन्स्की, कारायान, लिगेटी, श्टॉकहाउझेन यांच्यासह सुमारे दोनशे कलावंतांनी सुटकेसाठी सह्या केल्या, पश्चिम जर्मनीने दबाव आणला, आणि त्याच महिन्यात युन सुटले. १९७१ मध्ये ते जर्मन नागरिक झाले. दक्षिण कोरियात ते पुन्हा जाऊ शकले नाहीत. ३ नोव्हेंबर १९९५ रोजी बर्लिनमध्येच त्यांचे निधन झाले. २००६ मध्ये दक्षिण कोरियाच्या अधिकृत चौकशीत ते प्रकरण फुगवलेले होते असा निष्कर्ष निघाला आणि २०१८ मध्ये त्यांचे अवशेष टोंगयोंगला नेण्यात आले. त्यांच्या उत्तर कोरियाशी असलेल्या संबंधांविषयीचा वाद मात्र त्यानंतरही शमलेला नाही.

हा इतिहास आम्ही जरा विस्ताराने दिला, कारण युन यांच्या संगीताविषयी लिहिताना तो सारखा मध्ये येतो. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, कधी कधी वाट अडवूनही बसतो.

२

युन यांच्या विचाराचा गाभा एका स्वरापाशी आहे. युरोपीय संगीतात एकटा स्वर जवळजवळ निरर्थक असतो. दुसऱ्या, तिसऱ्या स्वराशी नाते जडल्यावर त्याला अर्थ येतो. पूर्व आशियाई संगीतात, निदान युन यांना अभिप्रेत असलेल्या कोरियन दरबारी परंपरेत, एकेक स्वर स्वतःच जिवंत असतो. हे सांगताना त्यांनी एक दृष्टान्त दिला होता: युरोपीय स्वर पेन्सिलीच्या रेघेसारखा, तर आशियाई स्वर कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखा. कुंचला कागदाला टेकतो तेव्हा एक जाडी असते, सरकताना दुसरी, उचलताना तिसरी. शाई कुठे दाट असते, कुठे विरते. रेघेला लांबी असते, फटकाऱ्याला चरित्र असते.

याच विचारातून त्यांचे 'मुख्य स्वरा'चे तंत्र तयार झाले. एक दीर्घ स्वर निवडायचा. त्याच्या आगमनाची तयारी छोट्या स्पर्शस्वरांनी करायची. तो लागला की त्याला कंप द्यायचा, शेजारच्या स्वराशी झपाट्याने आलटापालट करायची, किंचित वर-खाली सरकवायचा, त्याचा जोर वाढवायचा, कमी करायचा. आणि शेवटी त्याला विरू द्यायचे किंवा दुसऱ्या मुख्य स्वराच्या हाती सोपवायचे. कोरियन संगीतात स्वराभोवतीच्या अशा सगळ्या हालचालींना 'सिगिम्से' म्हणतात. तारेवरचा स्वर हलवण्याला 'नोंगह्यॉन' असे वेगळे नाव आहे.

मराठी वाचकाला येथे आपली मींड, आंदोलन, कणस्वर आठवतील, आणि ते योग्यच आहे. 'दोन श्रुतींच्या मधली जागा' ही कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. पण साम्य किती ताणायचे यालाही मर्यादा आहे. आपला आंदोलित गांधार षड्जाच्या साक्षीने आंदोलित असतो. तंबोरा त्याला सतत घरची आठवण देत असतो आणि रागाची चौकट त्याला वळण लावत असते. युन यांच्या मुख्य स्वरामागे तंबोरा नाही आणि रागही नाही. स्वतःच्या अवतीभवती घडणाऱ्या हालचालींतूनच त्याला आपले स्थान मिळवावे लागते.

आता यात ताओ कुठे आला? स्वर एकाच जागी आहे, आणि एकाच वेळी अखंड हलतो आहे. तो स्थिर आहे म्हणून ती हालचाल जाणवते. तो हलतो आहे म्हणून ती स्थिरता जिवंत वाटते. ही 'स्थिरतेतली गती' युन यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी आहे. यिन आणि यांग ही ताओवादी परंपरेत दोन शत्रुपक्षांची नावे नाहीत. एकाच्या पोटात दुसऱ्याचे बीज असते. दक्षिण कोरियाच्या ध्वजावरचे वर्तुळ पाहावे. तांबड्या आणि निळ्या भागांमधली सीमा सरळ रेषा नाही, ती लाट आहे. मुख्य स्वराच्या तंत्रात ही लाट एका स्वराच्या आत चाललेली असते. लुइझे रिन्झर यांनी युन यांच्याशी केलेल्या दीर्घ संवादांचे पुस्तक १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. संगीत आपण निर्माण करत नाही, विश्वात ते वाहतच असते आणि आपण त्याचा एक अंश टिपतो, ही युन यांची धारणा होती. ही धारणा कुणाला गूढवादी वाटेल. आम्हांला त्यातला तांत्रिक भाग अधिक मोलाचा वाटतो: जो संगीतकार असे मानतो, तो स्वराच्या आरंभाकडे आणि अंताकडे इतरांपेक्षा वेगळ्या काळजीने पाहील.

३

पण एकच स्वर जर स्वयंपूर्ण विश्व असेल, तर दोन वाद्यांची गरज काय? 'इन्व्हेन्शन्स'चे महत्त्व आमच्या मते या अडचणीत आहे. एकट्या ओबोसाठी युन यांनी १९७१ मध्येच 'पिरी' लिहिले होते. पिरी हे दुहेरी पत्तीचे कोरियन वाद्य. तेथे मुख्य स्वराचा विचार निर्विघ्न चालू शकत होता. दुसरा ओबो आला की त्या विचाराला परीक्षा द्यावी लागते.

शीर्षकापासून सुरुवात करू. 'इन्व्हेन्शन' म्हटले की बाख आठवतो. त्याच्या दोन आवाजांच्या पंधरा इन्व्हेन्शन्सची स्वहस्ते केलेली प्रत १७२३ ची आहे. हा शब्द मुळात वक्तृत्वशास्त्रातला. सिसेरोच्या परंपरेत 'इन्व्हेन्शिओ' म्हणजे भाषणासाठी मुद्दा शोधून काढणे. मांडणी, शैली, पाठांतर हे त्यानंतरचे टप्पे. बाखच्या प्रत्येक इन्व्हेन्शनमध्ये असा एक मुद्दा, म्हणजे एक छोटी स्वराकृती असते, आणि दोन आवाज तो मुद्दा आळीपाळीने मांडतात. युन यांनी नाव तेच ठेवले, मुद्दा बदलला. त्यांच्याकडे मुद्दा म्हणजे चाल नाही, स्वराला हात लावण्याची रीत आहे. एका भागाचा मुद्दा स्वरांची आलटापालट, दुसऱ्याचा स्वराचे घसरणे, तिसऱ्याचा मुख्य स्वराआधीचा स्पर्श.

हा बदल किती मूलगामी आहे, हे पाश्चात्त्य स्वरलेखन पाहिले की कळते. 'फोरश्लाग', म्हणजे आपल्या कणस्वराच्या जवळचा स्वर, कागदावर बारीक टाइपात छापतात. मात्रा मोजताना त्याला हिशेबात धरत नाहीत. त्याला लागणारा वेळ शेजारच्या स्वराकडून उसना घ्यायचा असतो. ट्रिलला तर पुष्कळदा स्वतंत्र स्वरही लिहिलेले नसतात, नुसती खूण असते. ज्याला लिपीने पूर्ण अस्तित्वही दिलेले नाही, त्याचेच नाव युन भागाच्या मथळ्यावर लिहितात.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा वाद नवा नाही. काव्यातील अलंकार कटककुंडलांसारखे काढता-घालता येणारे, असे मानणारी एक दृष्टी आपल्या काव्यशास्त्रात होती. आणि काव्य सालंकारच जन्मते, अलंकार मागाहून जोडलेला नसतो, असे बजावणारा कुंतकही होता. 'इन्व्हेन्शन्स'मध्ये युन कुंतकाच्या बाजूला उभे राहतात, असे म्हणायला हरकत नाही. अर्थात त्यांनी कुंतक वाचला होता असा आमचा दावा नाही. वेगळ्या वाटेने आलेला माणूस त्याच चौकात भेटतो, एवढेच.

आता दोनपणाचा प्रश्न. बाखच्या इन्व्हेन्शन्समध्ये आवाज दोन असले तरी वाजवणारा एक असतो. दोन हात, एक देह. येथे देह दोन आहेत आणि श्वासही दोन. ओबोच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची. त्याच्या पत्तीतली फट इतकी अरुंद असते की फार थोडी हवा आत जाते. वादक दीर्घ स्वर धरू शकतो, पण छातीत वापरलेली हवा साचत जाते. श्वास घेण्यापूर्वी त्याला आधी उच्छ्वास टाकावा लागतो. म्हणजे ओबोवादकाला हवा कमी पडत नाही, ती जास्त होते. एका वादकाच्या दीर्घ स्वराला अशी शारीरिक अखेर असते. दुसरा वादक असला की एकाचा स्वर विरताना दुसऱ्याचा सुरू झालेला असू शकतो, आणि ध्वनी एकाच श्वासाचा राहत नाही. दोन सारखी वाद्ये, एकच स्वरपट्टा, एकच ध्वनिगुण. स्वर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, हे डोळे मिटून ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी सांगता येणार नाही. 'एक' आणि 'दोन' यांच्यातली सीमा येथे त्या ध्वजावरल्या वर्तुळासारखी, लाटेची होते.

आपल्या सनईवादनाशी तुलना केली तर हे अधिक उमगेल. सनईच्या ताफ्यात मुख्य वादक गत वाजवतो आणि त्याचा साथीदार अखंड सूर धरून ठेवतो. तेथे एकजण स्थिर, एकजण चल; कामाची वाटणी ठरलेली. युन यांच्या रचनेत अशी कायमची वाटणी नाही. दोघेही चल आणि दोघेही स्थिर, कारण स्थिरता आणि गती या दोन वादकांच्या भूमिका नसून प्रत्येक स्वराच्या दोन बाजू आहेत. 'जुगलबंदी' हा शब्द आम्ही या रचनेसाठी वापरत नाही तो याचसाठी. त्यात चढाओढीची जी छटा आहे तिला येथे जागा नाही.

शेवटच्या भागाचे नाव 'हार्मोनी'. येथे मथळ्यातून अलंकार गेला आहे. पाठ्यपुस्तकातील पाश्चात्त्य 'हार्मनी'ला निदान तीन स्वर एकत्र लागतात; दोन ओबोंच्या सामान्य वादनात एका वेळी मिळतात फक्त दोन. तेव्हा हा शब्द युन यांनी त्या मर्यादित अर्थाने वापरलेला नसावा. ग्रीक 'हार्मोनिआ'चा मूळ अर्थ सांधा, जोड. सुताराने दोन फळ्या जुळवाव्यात तसा. हेराक्लिटसने धनुष्य आणि वीणा यांच्या संदर्भात विरुद्ध ताणांतून निर्माण होणाऱ्या जुळणीविषयी जे म्हटले आहे, ते या 'हार्मोनी'च्या अधिक जवळ जाते. पहिल्या तीन भागांत स्वराच्या आतला ताण दाखवून झाल्यावर चौथ्यात दोन स्वरांचा सांधा, असा हा क्रम आहे. चार शीर्षकेच नीट वाचली तरी एक विचार पायरीपायरीने पुढे सरकताना दिसतो.

४

येथे एका मोहाविषयी बोलायला हवे. दोन ओबो, दोन कोरिया! फाळणी झालेल्या देशाचा, दोन्ही बाजूंच्या संशयाच्या छायेत वावरलेला संगीतकार दोन सारख्या वाद्यांसाठी लिहितो, म्हणजे हे फाळणीचे रूपक, असे वाचन हाताशी तयार आहे. त्याला आधारही सापडेल. १९७७ मध्ये युन यांनी हाइन्झ होलिगर आणि उर्सुला होलिगर यांच्यासाठी ओबो आणि हार्पचा दुहेरी कॉन्चेर्टो लिहिला, त्यामागे गुराखी आणि विणकर राजकन्या यांच्या विरहाची पूर्व आशियाई दंतकथा आहे, आणि तिला दुभंगलेल्या मायदेशाचा संदर्भ आहे. १९८१ मध्ये ग्वांगजूच्या कत्तलीतील मृतांच्या स्मरणार्थ त्यांनी 'एक्झेम्प्लम' ही वाद्यवृंदरचना केली. राजकारण त्यांना वर्ज्य नव्हते.

पण नेमक्या याच कारणाने आम्ही 'इन्व्हेन्शन्स'ला ते रूपक लावत नाही. जेव्हा त्यांना विरह दाखवायचा होता तेव्हा त्यांनी विजातीय वाद्ये घेतली, एक फुंकीचे आणि एक तारेचे, आणि कथेचा आधारही घेतला. येथे वाद्ये सजातीय आहेत आणि मथळे निव्वळ तांत्रिक. पुढच्याच वर्षी याच रचनेचा दोन बासऱ्यांसाठी पाठ तयार झाला, यावरूनही विचार ओबोच्या विशिष्ट ध्वनीत अडकलेला नव्हता हे दिसते. चरित्र कळले की कलाकृती कळली, असे मानणे जितके सोपे, तितकेच ते कलाकृतीवर अन्याय करणारे. छळ सोसलेल्या माणसाला प्रत्येक वेळी छळाविषयीच बोलायला लावणे हीसुद्धा एक सक्तीच आहे.

दुसरा मोह 'पूर्व-पश्चिम संगम' या शब्दप्रयोगाचा. युन यांच्याविषयीच्या लेखनात तो हमखास भेटतो. पण ज्या वाद्याला आपण पश्चिमेचे म्हणतो त्या ओबोचा पूर्वज 'शॉम'. तो, आपली सनई, चीनची 'सुओना' आणि कोरियातले 'तेप्योंगसो' ही सगळी एकाच मोठ्या कुळातली. तेप्योंगसोचे 'सेनाप' हे दुसरे नाव तर फारसी 'सुर्ना'पर्यंत पोचते. वाद्ये माणसांच्या आधीच प्रवास करून आलेली असतात. शिवाय युन यांचा ताओ युरोपीय लिपीत लिहिला गेला, बर्लिनमध्ये शिकलेल्या तंत्रातून घडला. त्यातला कोणता अंश कोणत्या दिशेचा, हे वेगळे काढायला गेलो तर हाती काही लागत नाही.

मराठी सौंदर्यविचारात मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली. संवेदनांची रचना या तत्त्वांनी होते आणि शुद्ध कलेला बाहेरच्या अर्थाची गरज नाही, हा त्यांचा आग्रह होता. 'इन्व्हेन्शन्स' त्या आग्रहाला सकृद्दर्शनी अनुकूल वाटते: बाहेरचा अर्थ नाही, नादाचीच रचना आहे, शेवटी समतोलही आहे. पण मर्ढेकरांचा विरोध हा दोन घटकांमधला विरोध आहे. युन यांच्याकडे घटकच आतून दुहेरी आहे. स्वर स्वतःशीच संवादी आणि स्वतःशीच विरोधी. घटक म्हणजे काय याविषयीची धारणा बदलली की लयीची तत्त्वेही वेगळी दिसू लागतात. आणि ही धारणा कुठून आली? ती तत्त्वज्ञानातून आली. म्हणजे तत्त्वज्ञान रचनेच्या बाहेर नाही आणि तिच्यात 'आशय' म्हणून भरलेलेही नाही. रचनेचा सर्वांत लहान घटक कोणता मानायचा, या निर्णयात ते आहे.

आमच्या आरंभीच्या प्रश्नाला हे एक उत्तर होऊ शकते. त्याचा उपयोग संगीतापुरता नाही. एखाद्या कवीचे तत्त्वज्ञान शोधताना आपण त्याची विधाने गोळा करतो. तो ओळ कुठे तोडतो, कोणत्या शब्दाला कणस्वराइतके बारीक ठेवतो, आणि त्या बारीक शब्दावर कवितेचा किती भार टाकतो, हे पाहायला आपण क्वचितच थांबतो. दोन ओबोंची ही रचना ऐकल्यावर तेथे थांबणे जरा सोपे जाते.